सांगली-साताऱ्यात राहून मॅक्रोचा प्राध्यापक होता येतं का?

कोरेगाव तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "सर, अर्थशास्त्रात एम.ए. झालं, सेट झालो, नेटची तयारी चालू आहे. घरचे म्हणतात बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. मला मॅक्रो शिकवायचं आहे आणि त्यातच संशोधन करायचं आहे. विद्यापीठात प्रोफेसर होईपर्यंतची वाट खरोखर कशी असते? सांगली-साताऱ्यात राहून मॅक्रोत काही करता येतं, की दिल्ली-मुंबई गाठावीच लागते?"

मी सांगलीत तीस वर्षं मॅक्रो, म्हणजे सगळ्या अर्थव्यवस्थेचा एकत्र विचार करणारं समग्रलक्षी अर्थशास्त्र, शिकवतो आहे. पहिली सात वर्षं तासिका तत्त्वावर, मग अनुदानित महाविद्यालयात, पुढे विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गांवर. त्या अनुभवावरून सांगतो की करता येतं. मात्र माझा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्ही स्वतःलाच द्यायचं आहे. एकच आकडेवारी धरून दहा वर्षं बसायची तुमची तयारी आहे का? मॅक्रो म्हणजे सगळ्या देशाचं, सगळ्या जगाचं, असं वाटून पोरं या विषयाकडे येतात आणि पहिल्या दिवसापासून देशाच्या विकासदरावर बोलायला लागतात. बोलणं सोपं असतं. प्राध्यापक घडतो तो एखादा आकडा कुठून येतो, कोण लिहितं, त्यात काय धरलं जातं आणि काय सुटतं, हे मुळापर्यंत कळल्यावर. ते कसं, हे पुढे माझ्याच चुकीवरून सांगतो.

आधी पोटापाण्याचं बोलू, कारण घरच्यांची काळजी खोटी नाही.

महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयातली कायम जागा म्हणजे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला 57,700 रुपये मूळ वेतन, वर भत्ते. तिथपर्यंत पोचण्याची साखळी लांब आहे. संस्थेची बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांची यादी, तपासून हवी, उच्च शिक्षण सहसंचालकांकडून ना हरकत हवी, जाहिरात निघावी लागते, विद्यापीठाने नेमलेली निवड समिती बसावी लागते आणि निवड झाल्यावर विद्यापीठाची मान्यता मिळावी लागते. यातली एक कडी अडली की जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. मधल्या काळात वर्ग तर चालवावेच लागतात. ते तासिका तत्त्वावरची माणसं चालवतात. सत्र सुरू झाल्यावर नेमणूक, सत्र संपलं की नेमणूक संपली. मानधन दर महिन्याला येत नाही, बिलं मंजूर होतील तेव्हा येतं. माझ्या त्या सात वर्षांत मी दोन महाविद्यालयांत शिकवायचो. सकाळचे तास एकीकडे, दुपारचे दुसरीकडे, मधे सायकल. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी विचारलं, "कायम आहात का?" मी खरं ते सांगितलं. ते स्थळ पुढे गेलं नाही.

हे सांगतो ते घाबरवण्यासाठी नाही. या वर्षांना मुदत घालून घ्या म्हणून सांगतो. चार वर्षं की पाच, हे आजच वहीत लिहून ठेवा, आणि मुदत संपली की दुसरं काम धरायला लाजू नका. आणखी एक. तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक वर्षाचं नेमणूकपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र आणि अनुभवाचा दाखला त्याच वर्षी हातात घ्या. पुढे मागायला गेलात तर कारकून बदललेला असतो, फाइल सापडत नाही. माझं एक वर्ष असंच कागदाअभावी गेलं.

पैशाचंही बोलतो, कारण उघड कुणी सांगत नाही. एका संस्थेत मुलाखत उत्तम झाली आणि बाहेरच्या खोलीत मला रक्कम सांगितली गेली. घरी दीड एकर बागायत होती, वडील विकायला तयार होते. मी नको म्हटलं. त्यानंतर तीन वर्षांनी दुसरीकडे, एक पैसा न देता, माझी निवड झाली. प्रत्येकाला अशी जागा मिळतेच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण जमीन विकून नोकरी घेतलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. पुढची पंधरा वर्षं त्यांचं लक्ष पुस्तकात नव्हतं, ती रक्कम भरून कशी निघेल यात होतं. मॅक्रो त्यांच्या हातून कधीच सुटून गेलं.

सेट ही राज्याची पात्रता परीक्षा, नेट ही देशपातळीवरची. तुम्ही सेट झालात हे चांगलं झालं. महाराष्ट्र-गोव्यातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी ती पात्रता पुरते. 2023 पासून पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. तरी नेट सोडू नका, कारण कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, फक्त नेटमधून मिळते. महिना 37,000 रुपये मिळाले की पीएच.डी.ची वर्षं सायकलवर दोन महाविद्यालयं करण्यात जात नाहीत. जेआरएफला वयाची अट 30 आहे, राखीव प्रवर्गांना आणि महिलांना सवलत आहे. पहिला पेपर 100 गुणांचा सगळ्यांना सारखा, दुसरा 200 गुणांचा आपल्या विषयाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. आपल्याकडची पोरं पहिल्या पेपरकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच यादीत मागे पडतात. जेआरएफ हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी.साठीच्या अधिछात्रवृत्ती आहेत. तुमच्या प्रवर्गाला कोणती लागू पडते ते पाहा.

आता विषयाकडे येतो.

आपल्या भागातल्या एम.ए.मध्ये मॅक्रो बहुतेक ठिकाणी गोष्टीसारखं शिकवलं जातं. केन्स काय म्हणाला, फ्रीडमन काय म्हणाला, गुण-दोष, निष्कर्ष. एवढ्यावर संशोधनाला बसलात की घोडं पेंड खातं. मॅक्रोचं आजचं लेखन गणितात आणि कालश्रेणीत, म्हणजे वर्षानुवर्षांच्या क्रमवार आकड्यांत, चालतं. कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि मग कालश्रेणीची अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स), या क्रमाने वर्षभर रोज दोन तास द्या. एम.ए.ला आकडेमोडीची भीती वाटली असेल तर बारावीच्या गणितापासून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही. मी ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मिळेल ते बारावीचं पुस्तक घेऊन केलं आहे. सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवायचं कारण नाही. आर आणि ग्रेटल दोन्ही फुकट आहेत आणि पीएच.डी.ला पुरून उरतात. दोन मालिका वर्षानुवर्षं सोबत वाढताना दिसल्या की एकीमुळे दुसरी वाढते असं लिहून मोकळं होणं, ही आपल्याकडच्या प्रबंधांतली सगळ्यात मोठी चूक आहे. लोकसंख्याही वाढते, उसाचं क्षेत्रही वाढतं, वाहनंही वाढतात. यांचा एकमेकांशी खरा संबंध आहे की दोन्ही नुसत्या काळाबरोबर चढतात, हे तपासायची पद्धत एंगल आणि ग्रेंजर यांनी घालून दिली, 2003 चं नोबेल त्या दोघांना मिळालं. ती चाचणी हाताने, कागदावर, एकदा तरी करून पाहा. बटण दाबून येणारं उत्तर वाचायला त्याशिवाय जमत नाही.

माझी चूक सांगतो म्हटलं होतं.

माझा प्रबंध कर्ज-ठेव गुणोत्तरावर होता. बँकांनी एखाद्या जिल्ह्यात गोळा केलेल्या शंभर रुपयांच्या ठेवींमागे त्याच जिल्ह्यात किती कर्ज दिलं, हे ते गुणोत्तर. रिझर्व्ह बँक जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे प्रसिद्ध करते. तेव्हा ते जाडजूड छापील खंडांत असायचे. मी गणपती पेठेतून लांबट हिशेबाची वही आणली होती आणि ग्रंथालयात बसून एकेक वर्षाचे आकडे पेन्सिलीने उतरवून घेत होतो. डाव्या पानावर ठेवी, उजव्या पानावर कर्जं. जिल्ह्याच्या अग्रणी (लीड) बँकेच्या अहवालांतून तालुक्यांचे आकडे जोडले. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत गुणोत्तर कमी दिसलं आणि मी मोठ्या तावातावाने लिहिलं की गरीब तालुक्यांची बचत बँका शोषून घेतात आणि शहरात नेऊन ओततात. मला ते मनापासून पटलेलं होतं.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी प्रबंध मिटून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "विट्याच्या शाखेतल्या या ठेवी विट्यातच कमावलेल्या आहेत का?"

मी गप्प झालो. विटा म्हणजे खानापूर तालुक्याचं मुख्य गाव, आणि विट्याचा कोण माणूस काय करतो हे सांगलीत कुणाला माहीत नाही? खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी आटवणं, शुद्ध करणं. केरळपासून उत्तर प्रदेशपर्यंत बाजारपेठेच्या गल्लीत त्यांची दुकानं आहेत. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि प्रबंधात त्याची एक ओळ नव्हती. वहीत उतरवलेल्या आकड्याला मी माणूस चिकटवलाच नव्हता.

पदवी मिळाली, ते प्रकरण सुधारून द्यायच्या अटीवर. पुढच्या दिवाळीला मी विट्याला गेलो, कारण गलाईवाले सणाला, जत्रेला गावी येतात. एका घराच्या ओसरीवर साठीतले एक गृहस्थ भेटले, दुकान दक्षिणेत, चाळीस वर्षांचं. त्यांनी सांगितलं की कमाई तिकडची, पण म्हातारपणाची ठेव इकडच्याच बँकेत, कारण शेवटी यायचं इथंच. आणि कर्ज? ते म्हणाले, "कर्ज कशाला इथं काढू? धंदा तिकडं हाय, उधारी तिकडंच." त्यांच्या पुतण्याने आतून पासबुक आणून दाखवलं. वर्षातून तीन-चार मोठ्या जमा, काढलेली रक्कम फक्त घराच्या स्लॅबच्या वेळची.

म्हणजे ज्याला मी गळती म्हणत होतो त्यात मोठा भाग बाहेरून आलेल्या पैशाचा होता. पुढची दोन वर्षं त्याच आकड्यांत घालवली तेव्हा आणखी दोन गोष्टी कळल्या. एक, रिझर्व्ह बँक कर्जाचे आकडे दोन तऱ्हेने देते, कर्ज मंजूर कुठे झालं आणि वापरलं कुठे गेलं. मुंबईच्या शाखेत मंजूर झालेलं कर्ज सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यात वापरलं गेलं तर एका तक्त्यात ते मुंबईचं दिसतं, दुसऱ्यात आपलं. मी पहिलाच तक्ता घेतला होता. दोन, हे आकडे अनुसूचित व्यापारी बँकांचे असतात. जिल्हा मध्यवर्ती बँक, गावोगावच्या विकास सोसायट्या, नागरी बँका, पतसंस्था यात धरल्याच जात नाहीत. सांगली-साताऱ्यात शेतकऱ्याचं पीककर्ज जिथून निघतं तो दरवाजाच त्या तक्त्यात नाही. दुसऱ्या एखाद्या राज्यात हे चालून जाईल. इथे सहकार वगळून पतपुरवठ्यावर काही बोलणं म्हणजे कृष्णा वगळून सांगलीचा नकाशा काढणं.

ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझं त्यानंतरचं सगळं काम, लेख, विद्यार्थ्यांचे प्रबंध, त्याच मालिकेतून निघालं. म्हणून मी एक आकडेवारी धरा म्हणतो.

इथे राहून मॅक्रोचा प्रश्न मिळतो का, हेही यातच आलं. तरी एक ताजा प्रश्न देतो. रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून 6.50 टक्क्यांवर नेला. व्यापारी बँकांची बदलत्या व्याजाची नवी घरकर्जं ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाह्य मानदराला जोडलेली आहेत, त्यामुळे त्यांचे व्याजदर लगेच हलले. पण ज्या गावात कर्ज पतसंस्थेतून निघतं, सोनं तारण ठेवून सराफाकडून निघतं, तिथे रेपो दर कधी पोचतो आणि किती पोचतो? चलनविषयक धोरणाचा परिणाम झिरपण्याचा हा प्रश्न पुस्तकातल्या मधल्या प्रकरणात आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर कोरेगाव, रहिमतपूर, वाठारच्या पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांत पडून आहे. ते अहवाल दिल्लीच्या माणसाला सहज मिळत नाहीत. तुम्हाला सभासदांच्या घरी मिळतील, वार्षिक सभेत वाटतात ते.

मग दिल्ली-मुंबईला जायचं की नाही? जायचं, दोन-तीन वर्षांसाठी, जमलं तर नक्की. मुंबईत रिझर्व्ह बँकेने 1987 साली उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, मुंबई विद्यापीठाचा 1921 पासूनचा अर्थशास्त्र विभाग आहे, पुण्यात 1930 ची गोखले संस्था आहे. दिल्लीत दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि भारतीय सांख्यिकी संस्था. तिथे गणित पक्कं होतं आणि आपल्यापेक्षा हुशार सोबती मिळतात. आपल्या लेखातली चूक तोंडावर सांगणारा माणूस रोजच्या चहाला असणं, ही गोष्ट इथे राहून मिळवायला फार कष्ट पडतात. पण प्रश्न मात्र इथला घेऊन जा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ मोठे झाले ते पुण्यात बसून, आणि त्यांच्याच काळात गोखले संस्थेने 1940 मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्ध केली. वाईच्या शेतकऱ्याचा जमाखर्च मांडणारा हा माणूस पुढे देशाच्या नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष झाला. साताऱ्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, तिथली किती मुलं हे जाणतात कुणास ठाऊक.

आणखी जवळचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो आणि बहुतेक भाषणं राज्यघटनेवर होतात. पण 1918 ते 1920 बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते, त्या पगारातून पैसे साठवून पुन्हा लंडनला गेले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध पुस्तकरूपाने आला. दहा वर्षं आधी, 1913 मध्ये, केन्सने भारतीय चलनावर पुस्तक लिहून सुवर्ण विनिमय पद्धतीची, म्हणजे रुपयाचा दर सोन्यावर आधारलेल्या पौंडाशी बांधून ठेवण्याची, बाजू घेतली होती. केन्सने त्याआधी लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली होती, भारतात तो कधी आला नाही. बाबासाहेबांनी त्याच पद्धतीवर बोट ठेवलं. विनिमयदर स्थिर ठेवला म्हणजे झालं असं नाही, रुपयाची खरेदीशक्ती देशात स्थिर राहते का हे पाहा, असा त्यांचा रोख होता. एम.ए.च्या पहिल्या वर्गात चलनसिद्धान्त शिकवताना मी ही दोन पुस्तकं शेजारी ठेवतो. रिझर्व्ह बँकेसाठी चलनवाढीचं लक्ष्य 4 टक्के, अधिकउणे 2, हे आपल्याकडे कायद्याखाली 2016 मध्ये आलं. रुपयाचं मोल देशातल्या किमतींवरून पाहण्याचा मुद्दा त्याच्या किती आधी एका प्राध्यापकाने मांडला होता, हे पोरांच्या डोळ्यांसमोर येतं.

शिकवण्याबद्दल थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास वर्गात, प्रोफेसरला 14. संशोधनाच्या नादात हे तास ओझं वाटायला लागले की समजा, वाट चुकली. माझं स्वतःचं मॅक्रो वर्गात पक्कं झालं आहे.

2019 च्या महापुरानंतर वर्ग पुन्हा भरले तेव्हा भिंतींना ओल होती आणि निम्म्या मुलांच्या वह्या वाहून गेलेल्या. मला साठा आणि प्रवाह शिकवायचं होतं. दरवर्षी पोरं राजकोषीय तूट आणि सरकारी कर्ज यांत गोंधळ करतात. मी फळ्यावर लिहिलं, कोयना 105 टीएमसी. शेजारी लिहिलं, विसर्ग इतके क्युसेक. विचारलं, यातला साठा कुठला? सगळा वर्ग एका आवाजात बोलला. पुराच्या दिवसांत कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ किती फूट चढलं, याखेरीज या मुलांनी दुसरं काही ऐकलेलंच नव्हतं. मग गणित दिलं: 11,574 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी चोवीस तास सोडलं की एक टीएमसी (एक अब्ज घनफूट). तूट म्हणजे वर्षभराची आवक, कर्ज म्हणजे धरणातला साठा. तूट कमी झाली तरी कर्ज वाढतच राहतं, कारण आवक घटली म्हणून धरण रिकामं होत नाही. मागच्या बाकावरची दुधगावची मुलगी म्हणाली, "सर, मग व्याज म्हणजे धरणातच पडणारा पाऊस." इतकं नेमकं मला सुचलं नसतं. तेव्हापासून मी ते तसंच शिकवतो आणि तिचं म्हणून सांगतो.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ लुकासची 1976 ची टीकाही इथे सोपी जाते. धोरण बदललं की माणसं आपलं वागणं बदलतात, त्यामुळे जुन्या आकड्यांवरून काढलेला संबंध नव्या धोरणात टिकत नाही. पुस्तकात यावर चार पानं समीकरणं आहेत. आपल्याकडे कर्जमाफीची नुसती हवा सुटली की सोसायटीची वसुली थांबते, हे सचिवाच्या पोराला विचारा. मागच्या दहा वर्षांच्या वसुलीवरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधणारा तिथेच चुकतो.

मराठीतून शिकवायला भिऊ नका. सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणा, शेजारी इंग्रजी शब्दही द्या, कारण लेख मुलांना इंग्रजीतच वाचायचे आहेत. पण कल्पना एकदा आपल्या भाषेत उतरली की ती विसरली जात नाही.

बढतीचं थोडक्यात आटोपतो. 2018 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. असेल तर पहिला टप्पा चार वर्षांनी, नसेल तर सहा. सहयोगी प्राध्यापकपदाला पीएच.डी. लागतेच. प्रोफेसरपदासाठी किमान दहा शोधनिबंध आणि 110 संशोधन गुण. या मोजणीने आपल्याकडे फार नुकसान केलं. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिकं निघाली, आणि माझ्या ओळखीच्या चांगल्या शिक्षकांनी, भीतीपोटी, त्यात आपलं नाव घातलं. तुम्ही घालू नका. दोन वर्षांत एक लेख, पण असा की तो आपल्या विद्यार्थ्याला वाचायला देताना हात आखडू नये. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीकडे पाठवा, नाकारला तर परीक्षकांच्या शेऱ्यांसाठी पाठवला असं समजा. मराठीत मराठी अर्थशास्त्र परिषदेचं अर्थसंवाद आहे, तिथे लिहा. परिषदेच्या अधिवेशनाला जा. माझे निम्मे शैक्षणिक मित्र तिथल्या जेवणाच्या पंगतीत झाले.

आणि प्राध्यापक म्हणजे वर्गापुरताच, असंही नाही. रेपो दर ठरवणाऱ्या सहा जणांच्या समितीत तीन सदस्य बाहेरचे असतात. 2016 च्या पहिल्या समितीतले तिघेही, चेतन घाटे, पमी दुआ आणि रवींद्र ढोलकिया, शिकवणारेच होते. तुमचं गणित पक्कं झालं तर रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची आणि भारतीय अर्थसेवेची परीक्षाही त्याच अभ्यासातून देता येते. घरच्यांना हे सांगा. स्पर्धा परीक्षा दे म्हणतात ना, मग ही द्या. मॅक्रो हातातून सुटत नाही आणि मुदत संपल्यावर उभं राहायला जागा असते. बी.एड.चा आग्रह मात्र मी मान्य करणार नाही. शाळेत शिकवायची ओढ असेल तर ते उत्तम काम आहे, पण मॅक्रोला पर्याय म्हणून केलं तर दोन्हीकडे अन्याय होतो.

आता या महिन्याचं काम. रिझर्व्ह बँकेच्या डीबीआयई या आकडेवारीच्या संकेतस्थळावर सातारा जिल्ह्याच्या तिमाही ठेवी आणि कर्जं मिळतील. मिळतील तितकी वर्षं उतरवून घ्या. संगणकात घ्याच, पण पहिली पाच वर्षं वहीत हाताने लिहा. मग जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या आणि तुमच्या गावच्या पतसंस्थेच्या अहवालांतून तेच दोन आकडे काढा आणि शेजारी मांडा. दोन्ही रकाने कुठल्या वर्षी एकमेकांपासून फाकतात ते पाहा, आणि त्या वर्षी कोरेगावात काय घडलं होतं ते सोसायटीच्या जुन्या सचिवाला विचारा. ती वही घेऊन सांगलीला या. शनिवारी दुपारनंतर मी विभागातच असतो.